शनिवारी लावलेला शुक्रवार

“सोमवारी चालवून दाखवतो,” असं प्रद्युम्नराव गुरुवारच्या बैठकीत म्हणून गेले. काय चालवून दाखवायचं आहे हे त्यांनी आधी नीट वाचलं असतं, तर ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तीही अकरा माणसांसमोर.

बैठक तंजावरच्या बाहेर, जिथे घरं संपून भातशेतं सुरू होतात, तिथल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात चालली होती. खुर्चीवर विभागप्रमुख डॉ. लावण्या होत्या. ह्याच लावण्या पंधरा वर्षांपूर्वी प्रद्युम्नरावांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत आणि फार प्रश्न विचारतात म्हणून एकदा वर्गाबाहेर उभ्या राहिल्या होत्या. आता त्या प्रद्युम्नरावांना “सार” म्हणत आणि प्रद्युम्नराव त्यांना “मॅडम” म्हणत. दोघंही शब्द उच्चारताना किंचित अडखळत.

“सार, मायक्रोप्रोसेसर लॅबचे ते हिरवे किट आता जातील,” लावण्या म्हणाल्या. “नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेटर आहे. मुक्त स्रोताचा. मुलांनी प्रोसेसर आतून बघायला हवा.”

ते हिरवे किट म्हणजे प्रद्युम्नरावांचे सव्वीस वर्षांचे सोबती. हिरवी पाटी, वीस-बावीस बटणं, वर लाल अंकांची पट्टी. कोणत्या किटचं कोणतं बटण दोनदा दाबावं लागतं हे त्यांना पाठ होतं. किट गेले तर आपण कुठे जाणार, हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आत लावण्यांनी उत्तरही दिलं. ही लॅब घ्यायला कोणी तयार नसेल तर चेन्नईहून एक तज्ज्ञ येईल, त्याचं पत्र ह्या फायलीत आहेच, आणि सारांच्या अनुभवाचा उपयोग परीक्षा विभागाला होईल. परीक्षा विभाग म्हणजे खिडकी नसलेली खोली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथे गेलेला मास्तर पुन्हा फळ्यासमोर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

म्हणून प्रद्युम्नराव “सोमवारी” म्हणाले. फळा सुटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

संध्याकाळी त्यांनी त्या सिम्युलेटरचं माहितीपान वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे प्रकरण दोनदा टिचकी मारून बसवायचं नाही. ते बांधायचं आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला हजारो फायलींचा मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, तो आपल्या संगणकावर तासन्‌तास शिजवायचा, आणि मग त्यातून एक कार्यक्रम तयार होतो जो स्वतःच एक संपूर्ण संगणक असल्याचं नाटक करतो. त्याला प्रोसेसर असतो, स्मृती असते, सगळं असतं, आणि त्यातलं काहीही हातात धरता येत नाही. आपण म्हणू तितका प्रोसेसर वेगवान, आपण म्हणू तेवढी स्मृती मोठी! प्रद्युम्नराव हे वाचता वाचता खुर्चीवरून उठले आणि उभ्यानेच पुढचं वाचू लागले. सव्वीस वर्षं ते फळ्यावर चौकोन काढून “समजा, ह्याच्या आत असं घडतं” म्हणत आले होते. आता ‘समजा’ म्हणायची गरजच उरणार नव्हती. भीती कुठल्या कुठे गेली आणि त्यांना लहान मुलासारखी घाई झाली.

शुक्रवारी ते कॉलेजच्या कार्यालयात गेले. लॅबच्या मोठ्या संगणकावर काहीही नवं घालायचं तर अर्ज लागतो, आणि अर्ज शिवकुमार ह्या कारकुनाकडे असतो. शिवकुमार वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त रिकामा रकाना सहन होत नसे.

“पुरवठादाराचं नाव, पत्ता, शिक्का,” शिवकुमार म्हणाला.

“पुरवठादार नाही. जगभरचे लोक आहेत.”

“जगभरचे म्हणजे कोणत्या जिल्ह्यातले?”

प्रद्युम्नरावांनी त्याला मुक्त स्रोत म्हणजे काय ते सांगितलं. चांगलं पंचवीस मिनिटं सांगितलं. शिवकुमारने मन लावून ऐकलं आणि मग हमीपत्र मागितलं. प्रद्युम्नरावांनी मोठ्या अभिमानाने परवान्याचा कागद छापून आणून दिला. शिवकुमारने तो बोट ठेवून वाचला आणि त्याचा चेहरा पडला. “सार, ह्यात तर त्यांनीच लिहिलंय, हे चालेल अशी कसलीही हमी आम्ही देत नाही. स्वतः बनवणारा असं म्हणतो आणि मी खाली सही करू?” तरीही माणुसकी म्हणून त्याने अर्ज प्राचार्यांकडे पाठवायचं कबूल केलं. प्राचार्य लग्नासाठी कुंभकोणमला गेले होते आणि मंगळवारी येणार होते.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. पण प्रद्युम्नरावांना आता स्फुरण चढलं होतं. घरी त्यांच्या मुलीचा, हरिणीचा, जुना लॅपटॉप होता. हरिणी नोकरीसाठी हैदराबादला गेली तेव्हा तिने तो मागे ठेवला होता, कारण त्याची बॅटरी संपूर्ण मेलेली होती. भिंतीतल्या वायरीला जोडलेला असला तर जिवंत, वायर निघाली की गतप्राण. आपण कुठे तो घेऊन फिरणार आहोत, असं प्रद्युम्नरावांनी मनाशी म्हटलं.

शनिवारी सकाळी त्यांनी सगळा मजकूर उतरवून घेतला. कप्प्यांची नावं वाचूनच त्यांना भरून आलं. इथे प्रोसेसर, इथे स्मृती, इथे त्यांच्यामधली वाहतूक. “अगो सुप्रभा, हें पहा, अख्खा कंप्यूटर उघडून ठेविला आहे!” ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. सुप्रभाबाईंनी तिथूनच “होय कीं,” म्हटलं. त्या रसमाला फोडणी देत होत्या.

आतल्या खोलीतून राजम अत्या बाहेर आल्या. प्रद्युम्नरावांच्या वडिलांची ही बहीण, वय एक्याऐंशी. घरातलं पंचांग त्यांच्या ताब्यात होतं. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या मराठी घरांनी तमिळ मुलखाच्या ज्या चालीरीती मनापासून उचलल्या, त्यांत अष्टमी-नवमीची धास्ती पहिली. त्या दोन तिथींना इथे कोणी नवं काम हाती धरत नाही.

“प्रद्यू, काय आरंभिलास?” अत्यांनी विचारलं.

“नवें यंत्र बांधतों, अत्या.”

“आज अष्टमी म्हणून तुला ठाऊक नाहीं? उद्यां नवमी. नवें काम कोण धरतो रे?”

“पण सामान तर सकाळींच आणिलें.”

“सामान केव्हांही आणावें. चूल पेटवणें म्हणजे आरंभ. पेटविलीस?”

“नाहीं.”

“पेटवूं नको. सोमवारी दशमी. सोमवारी पेटव.”

सोमवारी पेटवून सोमवारी दाखवायचं कसं? प्रद्युम्नरावांनी अत्यांना समजावून सांगायचं ठरवलं. हा त्यांचा जुना दोष. ते म्हणाले, “अत्या, ह्याचा काळ आमच्यासारखा नाहीं. आंत एक खोटा कंप्यूटर. आमचे कित्येक तास जातील तेव्हां त्याचा एक क्षण होईल. त्याचा काळ शून्यापासून, आणि तो आम्हींच लावायचा.”

अत्यांनी हे फार शांतपणे ऐकलं. “काळ तूंच लावायचास?”

“मीच.”

“तर शुक्रवार लाव. काल सप्तमी होती, चांगला दिवस. यंत्राच्या कडिगारांत काल म्हणून लाव आणि पेटव. मग माझें कांहीं म्हणणें नाहीं.”

खोट्या संगणकाचा काळ वेगळा आणि लॅपटॉपच्या कडिगारातला, म्हणजे घड्याळातला, दिवस वेगळा, हे सांगायला आणखी अर्धा तास गेला असता. शिवाय विज्ञानाचा माणूस म्हणून प्रद्युम्नरावांना वाटलं, नुसत्या तारखेने काय होणार? त्यांनी घड्याळाचं आपोआप जुळणं बंद केलं, अत्यांच्या डोळ्यांदेखत तारीख एक दिवस मागे नेली, आणि लॅपटॉपला हळदकुंकू लावू दिलं. तिथीवर विश्वास असलेली माणसं सहसा सुखरूप राहतात. भोवते ती विश्वास नसून तारीख बदलणाऱ्याला.

बांधकाम सुरू झालं. पडद्यावर ओळी धावू लागल्या, डाव्या बाजूला टक्के चढू लागले. एक टक्का, दोन टक्के, पाच टक्के. प्रद्युम्नरावांनी जेवणाचं पान लॅपटॉपसमोर मांडून घेतलं. एकेक फाईल शिजून खाली उतरत होती आणि तिचं नाव ते मोठ्याने वाचत होते. एक्केचाळीस टक्क्यांवर सगळं थांबलं. पडद्यावर एकच इंग्रजी शब्द उमटला. त्याचा अर्थ होता, ‘मारला’.

कोणी मारला, का मारला, काही नाही. सव्वीस वर्षं किटकडून ‘चूक’ एवढंच ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे फारच लागलं.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. टक्के पुन्हा एकपासून. तेवढ्यात शेजारचे सुब्रमण्यम आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूला स्वतःचा पेशंट समजत. ते तमिळात बोलत, प्रद्युम्नराव मराठी मिसळलेल्या तमिळात उत्तर देत, आणि तीस वर्षांत दोघांचं कधी अडलं नव्हतं.

सुब्रमण्यमांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला आणि डोळे मिटले. “ताप आहे,” ते म्हणाले. “ट्रान्सफॉर्मर असाच जातो. ह्याला गार ठेवा.” मग त्यांच्या घरचा टेबल फॅन आला. लॅपटॉप चार उपड्या वाट्यांवर चढला. एका बाजूला पाण्याचं मडकं, मडक्यावर ओला पंचा. फॅनच्या वाऱ्याने पंचा उडून प्रद्युम्नरावांच्या डोक्यावर बसला, तेव्हा सुब्रमण्यम म्हणाले की तेही वाईट नाही. अठ्ठावीस टक्क्यांवर पुन्हा तोच शब्द आला.

दुपारी चारपर्यंत लॅपटॉप चार वेळा मारला गेला. प्रद्युम्नरावांना आता राग येईना, उलट इरेला पेटल्यासारखं झालं. ह्या पेटीत नक्की कोण कोणाला मारतं हे त्यांनी शोधून काढलंच. लॅपटॉपची स्मृती तुटपुंजी, आणि त्यांनी उत्साहाच्या भरात एकाच वेळी आठ आठ फायली शिजायला टाकल्या होत्या. लहान चुलीवर आठ पातेली! एका वेळी एकच ठेवलं तर मारणार नाही, फक्त वेळ लागेल. हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सुब्रमण्यमांना मिठी मारली. मिठीचं कारण सुब्रमण्यमांना कळलं नाही. श्रेय फॅनला आहे असं धरून ते घरी गेले.

टक्के पुन्हा एकपासून सुरू झाले. ह्या वेळी मात्र ते संथपणे चढत राहिले. रविवारी सकाळी सगळे उठले तेव्हा आकडा त्र्याहत्तरवर होता. सुप्रभाबाईंनी इडली केली, अत्यांनी पडद्याला लांबूनच नमस्कार केला. अठ्ठ्याऐंशीवर प्रद्युम्नराव ताट सोडून उठले आणि खोलीत येरझारा घालू लागले. सोमवारी लावण्यांसमोर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ह्याची तालीमही त्यांनी केली.

आणि दिवे गेले.

दहा सेकंदांत परत आले. प्रद्युम्नराव बाहेर धावले. मीटरच्या पेटीसमोर सुब्रमण्यम स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे होते आणि समाधानाने हसत होते. “तुमच्या यंत्राला धोका नको म्हणून तुमची लाईन माझ्या इन्व्हर्टरवर घेतली. आता दिवे गेले तरी काही होणार नाही!”

प्रद्युम्नरावांनी आत येऊन लॅपटॉप पुन्हा चालू केला, आज्ञा दिली आणि बघत राहिले. एक टक्का.

ते खाली जमिनीवर बसले. एवढा वेळ त्यांना जी गोष्ट खटकायला हवी होती, ती आता खटकली. जे अठ्ठ्याऐंशी टक्के शिजून झालं होतं ते गेलं कुठे? माहितीपानात तर साफ लिहिलं होतं, की मध्येच थांबलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. मग दर वेळी ये रे माझ्या मागल्या का? दुपारभर त्यांनी शोधलं. संध्याकाळ व्हायला आली. परीक्षा विभागाची ती खोली त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागली; ते गठ्ठ्यांना नंबर घालताहेत आणि भिंतीपलीकडून चेन्नईच्या तज्ज्ञाचा आवाज येतो आहे.

“सुप्रभा, माझें संपलें गो,” ते म्हणाले. “मला उद्यां फळ्यापासून उठवितील.”

सुप्रभाबाई फ्रिजमध्ये दोश्याच्या पिठाचा, म्हणजे मावाचा, डबा ठेवायला निघाल्या होत्या. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर तमिळ अक्षरांत दिवस लिहिलेला असे. ह्या डब्यावर रविवार होता. डबा हातात तसाच धरून त्या नवऱ्याच्या शेजारी टेकल्या आणि पडद्यावरची फायलींची यादी वाचू लागल्या.

“अहो, हें सामान तुम्हीं केव्हां आणिलें?”

“काल सकाळीं. शनिवारी.”

“आणि हें शिजून झालेलें, ह्यावर शुक्रवार कां?”

“अत्यांनीं शुक्रवार म्हणून लावायला सांगिटलें तेव्हांपासून.” ह्याच्यापुढे प्रद्युम्नरावांचं वाक्य लटपटलं.

“म्हणजे दोसे शुक्रवारचे आणि माव शनिवारचें? दोसे अगोदर आणि माव मागून?” सुप्रभाबाईंनी डबा जमिनीवर ठेवला. “तुमच्या यंत्राला वाटतें, नवें माव आलें आहे आणि हे दोसे जुन्या मावाचे. म्हणून तें सगळे फेंकून पुन्हा करीत बसतें. मीही तेंच केलें असतें!”

बांधणारं यंत्र असंच चालतं. मूळ फाईल आणि तिच्यातून शिजवलेली फाईल ह्यांच्या तारखा ते ताडून बघतं, मूळ नवी दिसली की पुन्हा शिजवतं. हे प्रद्युम्नराव स्वतः वर्गात शिकवत आले होते, एकवीस वर्षं, दर ऑगस्टमध्ये. नुसत्या तारखेने काय होणार, असं कोणालातरी कालच वाटलं होतं.

त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं फुटलं की राजम अत्या काठी घेऊन बाहेर आल्या. प्रद्युम्नरावांनी डोळे पुसत सांगितलं की आता यंत्रात खरी तारीख, म्हणजे नवमी, लावावी लागेल.

“लाव कीं,” अत्या म्हणाल्या. “आरंभ शुक्रवारी झाला. पुढच्या कामाला तिथी कशाला?”

घड्याळ खरं झालं. जुने सगळे दोसे टाकून आणि लॅपटॉपची वायर भिंतीऐवजी थेट सुब्रमण्यमांच्या इन्व्हर्टरला लावून बांधकाम पुन्हा एकपासून सुरू झालं. सुब्रमण्यमांना मीटरपेटीपासून दूर ठेवण्यासाठी त्यांना जेवायला बोलावण्यात आलं. रात्री सांगण्यासारखं काही घडलं नाही, सगळे झोपले.

सोमवारी सकाळी साडेआठला आकडा चौऱ्याण्णव होता. दहाला लावण्यांसमोर हजर व्हायचं होतं.

“आतां थांबवा आणि कालेजांत जाऊन पुढें चालवा,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “तारीख खरी आहे तर पुढें तिथूनच चालेल कीं.”

हे अगदी बरोबर होतं. प्रद्युम्नरावांनाही पटलं. त्यांनी बोट कळीपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मग सुप्रभाबाईंनी नेलं आणि मागे घेतलं. तर्क एकीकडे आणि चौऱ्याण्णव टक्के एकीकडे. शेवटी कालपासून खाली मान घालून फिरणारे सुब्रमण्यम म्हणाले, “थांबवायचंच कशाला? इन्व्हर्टर नेऊ.”

म्हणून त्या दिवशी मेल वीथी ह्या त्यांच्या रस्त्यावरच्या लोकांनी एक ऑटो जाताना पाहिली. तिच्यात मधोमध प्रद्युम्नराव, मांडीवर उघडा लॅपटॉप, लॅपटॉपवर कपाळभर कुंकू. एका बाजूला सुब्रमण्यम, पायांत इन्व्हर्टर आणि त्याची अवजड बॅटरी, हातात वायर. दुसऱ्या बाजूला टेबल फॅन धरून सुप्रभाबाई, कारण सुब्रमण्यमांनी ताप विसरू नका म्हणून बजावलं होतं. सिग्नलला शेजारच्या मोपेडवाल्याने विचारलं, “सार, आजारी कोण?” ऑटोवाल्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि पुढचा प्रत्येक खड्डा असा चुकवला की जणू खरंच कोणाला दवाखान्यात नेतो आहे. जुन्या बसस्टँडपाशी शहाण्णव झाले. कालव्याच्या पुलावर अठ्ठ्याण्णव. पुलावर सुप्रभाबाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि कॉलेज येईपर्यंत सोडला नाही.

लॅबमध्ये लावण्या होत्या, शेवटच्या वर्षाची चौदा मुलं-मुली होती, आणि हमी नसलेली वस्तू कशी दिसते ते बघायला शिवकुमारही आला होता. टेबलावर ती फाईल होती, चेन्नईचं पत्र असलेली. इन्व्हर्टर आणि फॅनसकट मिरवणूक आत आली तेव्हा कोणी हसलं नाही, कारण प्रद्युम्नरावांचा चेहराच तसा होता. नव्याण्णव. शेवटची जोडणी फार वेळ चालली. मग ओळी थांबल्या आणि ‘मारला’ हा शब्द आला नाही. बांधून झालं होतं!

प्रद्युम्नरावांनी हात पुसले आणि सिम्युलेटर चालवला. त्याने ताबडतोब तक्रार केली. संगणक दिलात, पण त्याच्यावर चालवायला काही दिलंच नाहीत. मुलांमध्ये खसखस पिकली. “बरोबर आहे त्याचं,” प्रद्युम्नराव म्हणाले, आणि त्यांनी त्याला सगळ्यात छोटा तयार कार्यक्रम दिला. दोन सेकंद गेले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. जगाला नमस्कार.

“इतकंच?” शिवकुमार म्हणाला. “हे सांगायला चार दिवस?”

“इतकंच?” प्रद्युम्नरावांचा आवाज चढला. “शिवकुमार, जो संगणक नाहीच, तो बोलला! मॅडम, हा आकडा बघा. त्याच्या जगात एका सेकंदाचा हजारावा भागसुद्धा झाला नाही. आणि तेवढ्यात किती आज्ञा पाळल्या ते बघा, एकूणएक लिहून ठेवल्यात!” त्यांनी खडू उचलला. प्रोसेसरच्या हाताशी एक छोटी स्मृती असते, स्वयंपाकघरातल्या फळीसारखी. मोठी स्मृती म्हणजे माळ्यावरची कोठी. जे फळीवर मिळालं ते झटकन, नाही तर शिडी लावून माळ्यावर. “सव्वीस वर्षं मी तुम्हाला हे ‘समजा’ म्हणून सांगत आलो. आता समजू नका. फळी काढून टाकतो, बघा.” त्यांनी एक आकडा बदलला आणि पुन्हा चालवलं. वेळ कितीतरी पटींनी वाढला. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती आली.

मग सगळे एकदम बोलू लागले. सार, फळी दुप्पट केली तर? केली. सार, दोन फळ्या? लावल्या. प्रोसेसर हळू, स्मृती जलद? तसंही केलं. हिरव्या किटला सव्वीस वर्षांत कोणी ‘असं केलं तर?’ विचारलं नव्हतं, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतंच. आता प्रश्न थांबेनात. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि कोणी हललं नाही. सुप्रभाबाई कोपऱ्यात फॅन धरून उभ्या होत्या. नवऱ्याला असा शिकवताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“सार,” मागून लावण्यांचा आवाज आला. “एक प्रश्न.”

मुलांनी वाट करून दिली. लावण्या पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः एक आकडा बदलला. माळ्यावरून एका खेपेला फळीवर किती सामान आणायचं, त्याचा तो आकडा होता. मुठीऐवजी आता पसाभर. “जास्त आणलं तर खेपा कमी. मग वेळ कमी व्हायला हवा.” त्यांनी चालवलं. वेळ थोडा वाढला. “का वाढला?”

प्रद्युम्नरावांनी आकडे पाहिले. वर पाहिले, खाली पाहिले. फायलीतलं पत्र त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. इतक्या वर्षांत वर्गात अशी वेळ आली तेव्हा त्यांनी एक तर घड्याळाकडे बघितलं होतं, किंवा प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर उभं केलं होतं.

“माहीत नाही,” प्रद्युम्नराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की शिवकुमारसुद्धा पुढे सरकला. “मॅडम, मला खरंच माहीत नाही! चला, पुन्हा चालवून बघू.”

लावण्यांनी ती फाईल बंद करून शिवकुमारच्या हातात दिली, एक स्टूल ओढलं आणि त्या मुलांच्या मध्ये, सारांच्या समोर, जाऊन बसल्या.